जग तरले, जग बुडाले

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी, विश्रामबागेतल्या आमच्या वसाहतीच्या तळमजल्यावरील खोलीत, आम्ही तीस-बत्तीस जणांनी ‘द डे द अर्थ कॉट फायर’ हा १९६१ सालचा ब्रिटिश विज्ञानपट भिंतीवर ताणून बांधलेल्या चादरीवर पाहिला. सांगलीचा मे म्हणजे अंगाची काहिली, आणि त्यात त्या दिवशी खोलीतल्या दोन पंख्यांपैकी एक बंद होता. त्यामुळे पडद्यावरची माणसे घामाने निथळत होती तेव्हा आम्हीही पदराने आणि रुमालाने माना पुसत होतो. चित्रपट संपला, चहा झाला आणि मते मांडायला जी सुरुवात झाली ती रात्रीचे अकरा वाजले तरी थांबेना. मी ती वहीत टिपून घेतली. या चित्रपटाविषयी लिहायचे तर त्या मतांसकटच लिहावे असे ठरवले, कारण तीन वेळा एकटीने पाहूनही मला जे दिसले नव्हते, ते त्या रात्री इतरांनी दाखवले.

कथा थोडक्यात अशी. अमेरिका आणि सोव्हिएत संघ योगायोगाने एकाच वेळी प्रचंड अणुचाचण्या घेतात. त्यानंतर हवामान बिघडू लागते, ठरल्या दिवसाच्या आधीच सूर्यग्रहण लागते, टेम्स नदीवरून धुक्याचे लोट लंडनमध्ये शिरतात, वादळ येते, आणि मग उष्मा वाढतच जातो. पृथ्वीचा अक्ष ११ अंशांनी कलला आहे हे आधी उघडकीस येते. ती आपली कक्षा सोडून सूर्याकडे सरकू लागली आहे, हे त्यानंतर. हे सारे आपल्याला कळते ते ‘डेली एक्स्प्रेस’ या दैनिकाच्या कचेरीत बसून. घटस्फोटानंतर दारूच्या आहारी गेलेला बातमीदार पीटर स्टेनिंग, त्याची बाजू सांभाळून घेणारा बिल मॅग्वायर हा विज्ञानाच्या बातम्या पाहणारा जाणता सहकारी, आणि हवामान खात्यात टेलिफोनवर बसणारी जीनी ही यातली मुख्य पात्रे. शेवटी पृथ्वीला मूळ मार्गावर आणण्यासाठी सायबेरियात पुन्हा अणुस्फोट घडवले जातात आणि त्यांचा निकाल येण्याची वाट पाहत चित्रपट थांबतो.

दिग्दर्शक व्हॅल गेस्ट यांना या कथेसाठी कित्येक वर्षे कोणी पैसे द्यायला तयार नव्हते. आपल्या आधीच्या एका चित्रपटाची कमाई पणाला लावून त्यांनी तो उभा केला. पैशांची चणचण पडद्यावर जागोजागी दिसते. वादळे, पूर आणि वणवे यांची बरीचशी दृश्ये जुन्या वृत्तचित्रांतून उचलून जोडलेली आहेत, आणि उजाड लंडनची दृश्ये लेस बॉवी यांनी रंगवलेल्या चित्रांच्या आधाराने उभी केलेली आहेत.

पहिला आक्षेप नेमका यावरच आला. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सुट्टीसाठी आला होता. तो म्हणाला, “मावशी, मागची नदी चित्रातली आहे हे लगेच कळतं, आणि जुनी फिल्म जोडली की पडद्याचा पोतच बदलतो.” त्याचे निरीक्षण अचूक होते, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. मी त्याला एवढेच सांगितले की याच लेस बॉवी यांना पुढे १९७८ च्या ‘सुपरमॅन’साठी इतरांबरोबर ऑस्कर मिळाले, हात तोच होता, हाताशी असलेला पैसा वेगळा होता. त्यावर तो म्हणाला की प्रेक्षकाने निर्मात्याची गरिबी का सोसावी? हा प्रश्न मला खरा वाटला, आणि त्याचे उत्तर मी नव्हे, आप्पांनी दिले.

आप्पांनी पस्तीस वर्षे हौशी नाटकांची प्रकाशयोजना केली आहे. ते म्हणाले, “तू चित्राकडं बघितलंस, मी उजेडाकडं बघत होतो.” हा चित्रपट कृष्णधवल आहे, मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नारिंगी-पिवळ्या रंगात बुडवलेला आहे. सुरुवातीला स्टेनिंग ओस पडलेल्या रस्त्यावरून चालत कचेरीत येतो, उष्णतेने निकामी झालेल्या टाइपरायटरवर टंकायचा प्रयत्न करतो आणि शेवटी टेलिफोन उचलून मजकूर तोंडी सांगू लागतो. तिथून कथा मागे जाते आणि पडद्यावरचा रंग उतरतो. आप्पांचे म्हणणे असे की दिव्यापुढे धरायचा एकच रंगीत जिलेटिन पेपर परवडत असेल तर शहाणा प्रकाशयोजनाकार तो सबंध नाटकभर वापरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या प्रवेशाला दिव्यापुढे धरतो. मधला सगळा वेळ प्रेक्षक त्या पिवळ्या उजेडाची धास्ती मनात बाळगून बसतो, कारण तिथे परत जायचे आहे हे त्याला ठाऊक असते. माझ्या भाच्याने यावर लगेच मान डोलावली नाही, पण तो चित्रपटाची सुरुवात पुन्हा लावायला उठला, हे मी पाहिले.

या गावात असा विचार होणे मला स्वाभाविक वाटते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी आद्य मराठी नाटककार विष्णुदास भाव्यांनी सांगलीत संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांपुढे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा मिथिला नगरी उभी करायला त्यांच्याकडे काय होते? सूत्रधार पदे म्हणत असे, पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत, राक्षस आरडाओरडा करत येत, आणि राजवाडा, अरण्य, समुद्र हे सारे पाहणाऱ्याने आपल्या मनाशी उभे करायचे असे. त्या प्रेक्षकांना कोणी फसवले असे आपण म्हणत नाही. वृत्तपत्राच्या कचेरीतली चार टेबले, वाजणारे टेलिफोन आणि भिजलेले सदरे एवढ्यावर पृथ्वी सूर्याकडे निघाली आहे हे पटवून देणारा दिग्दर्शक मला त्याच जातीचा वाटतो.

आप्पांशी माझा मतभेद झाला तो संपादकाच्या भूमिकेवरून. ही भूमिका करणारे आर्थर ख्रिश्चनसन हे नट नव्हते. १९३३ ते १९५७ या काळात ते खरोखरच ‘डेली एक्स्प्रेस’चे संपादक होते. आप्पांना ते लाकडासारखे वाटले. “पाठ केलेलं म्हणून दाखवतोय,” असे ते म्हणाले, आणि उच्चारांतील सपाटपणाबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण मी एका दैनिकात सव्वीस वर्षे मुद्रितशोधक होते. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे अजून छपाईचे खिळे हाताने जुळवले जात. ओल्या गॅली प्रूफाची, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापाची, शाई कोपरापर्यंत लागत असे. रात्री उशिरा एखाद्या अपघाताची किंवा मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी आली की आमच्या संपादकांचा आवाज असाच सपाट होई. “किती ओळी?” एवढेच ते विचारत. मग कोणती बातमी काढायची, कोणती आत न्यायची आणि मथळा किती स्तंभी घ्यायचा हे सांगून ते चष्मा पुसायला घेत. मी त्यांना कधीही हुंदका देताना किंवा मूठ आपटताना पाहिले नाही. चित्रपटातला हा संपादक जगाचा शेवट जवळ आल्याचे कळल्यावरही कामे वाटून देतो, आणि कसलेल्या नटाने ते दृश्य रंगवले असते तर ते खोटे झाले असते असे माझे ठाम मत आहे.

इथे चर्चेला वळण लागले ते शेजारच्या वहिनींमुळे. त्यांचे मूळ घर सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात आहे, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या चार दिवस वरच्या मजल्यावर अडकून होत्या. त्या म्हणाल्या की या चित्रपटात धूर आणि आग पाहताना त्यांना काहीच झाले नाही, पण कचेरीत कोणीतरी कागद घेऊन येतो, आकडा वाचतो आणि सगळे क्षणभर गप्प होतात, तेव्हा पोटात खड्डा पडला. त्यांनी पुढे काही सांगायची गरज नव्हती. खोलीतल्या प्रत्येकाने तो आठवडा “आयर्विनला किती?”, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, या एका प्रश्नावर काढला होता. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, हे इथे शाळकरी मुलालाही पाठ असते. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. पुराचे पाणी डोळ्यांनी दिसण्याच्या पुष्कळ आधी पूर आकड्यांतून घरात येतो. माझ्या सासूबाई जिन्याच्या पायरीवर खडूने रेघ ओढून दर तासाने खाली पाहायला जात होत्या. पाणी रेघेवर आले की ती बोटाने पुसून वरच्या पायरीवर नवी ओढत. आमचे सामान हलवायचे की नाही, हे त्या रेघेवर ठरले.

हा चित्रपट त्या रेघेचा आहे, असे मला त्या रात्री प्रथम कळले. गेस्ट आणि सहलेखक वुल्फ मँकोविट्झ यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचे पटकथेचे पारितोषिक मिळाले, ते उगाच नाही. संकट प्रत्यक्ष दाखवण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्यांनी संकटाची बातमी दाखवली, आणि संकटातून गेलेल्या माणसाला ते जास्त ओळखीचे वाटते.

वहिनींनी दुसराही एक मुद्दा काढला. जीनी ऐकलेले गुपित विश्वासाने स्टेनिंगला सांगते, तो ते छापतो, आणि तिला अटक होते. वहिनी म्हणाल्या, “तिनं सांगितलं ते चांगलं केलं, पण त्यानं तिला विचारायला हवं होतं.” यावर बायकांचे जवळजवळ एकमत झाले. पुरुषांपैकी दोघे-तिघे म्हणाले की एवढी मोठी बातमी दाबून ठेवणे हाच अपराध ठरला असता. मला दोन्ही पटते. प्रेमकथेविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही, आणि तिच्यात बोलण्यासारखे फारसे नाहीही.

भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या सरांनी मात्र आपली वेळ येईपर्यंत धीराने वाट पाहिली होती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी हिशोब मांडला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी, म्हणजे हा चित्रपट इंग्लंडमध्ये झळकण्याच्या काही आठवडे आधी, सोव्हिएत संघाने नोव्हाया झेमल्या बेटांवर सुमारे ५० मेगाटनांचा बॉम्ब फोडला. माणसाने घडवलेला आजवरचा तो सर्वांत मोठा स्फोट. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यात जी ऊर्जा आहे ती त्या स्फोटाच्या सुमारे लाख कोटी पट भरते. शिवाय पृथ्वीवरच घडलेला स्फोट पृथ्वीला तिच्या कक्षेतून ढकलू शकत नाही; होडीत बसून होडीलाच रेटण्यासारखे ते आहे. तेव्हा चित्रपटाचा पायाच चुकीचा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कोणीतरी म्हणाले, मग माणसाच्या हातून पृथ्वीला काहीच होत नाही म्हणायचे का? सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, असे मी म्हटलेले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटण तालुक्यात आजोळी होते आणि नऊ वर्षांचे होते. मामाने त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात आणले होते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातल्या पाण्याचा भार आणि खडकांत मुरलेले पाणी यांमुळे तो भूकंप ओढवला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली तिने तर मला चकित केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, १९९३ ते २०१० या काळात जगभर जमिनीतून जे पाणी उपसले गेले त्यामुळे पृथ्वीचा फिरण्याचा ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर सरकला. त्यामुळे ऋतू बदलत नाहीत, उष्मा वाढत नाही. ध्रुव तसाही दरवर्षी काही मीटर इकडेतिकडे हलत असतो. पण अक्ष हलवायला अणुबॉम्ब लागत नाही, बोअरवेल पुरते, हे सरांचे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवले आहे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी या साऱ्या चर्चेत गप्प होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. मी तयार केलेला दोन पानी मराठी सारांश त्यांनी आधी वाचला होता. त्या म्हणाल्या, “मला भ्या वाटलं ते गिराणाचं. पंचांगात नाही आणि लागलं.” ग्रहणाचे ते दृश्य लहानसे आहे आणि मी ते प्रत्येक वेळी सहज ओलांडून पुढे गेले होते. पण ज्याच्या घरी चैत्रात नवे पंचांग येते, त्याला विश्वाची घडी मोडल्याची याहून ठळक खूण कोणती दाखवणार?

सर्वांत शेवटी अण्णा बोलले. ते वसाहतीतल्या एका कुटुंबाचे पाहुणे, आटपाडी तालुक्यातले शेतकरी; त्यांच्या शिवारात आता टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले आहे, पण त्यांचे निम्मे आयुष्य टँकरची वाट पाहण्यात गेले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी वडिलांबरोबर खडी फोडली आहे. चित्रपटात पाणी मोजून मिळू लागते, रांगा लागतात, चोरट्या पाण्याचा काळाबाजार होतो आणि दूषित पाण्यातून साथ येते. हे सगळे बरोबर आहे, असे अण्णा म्हणाले, “तहान लागली की माणूस पाण्याचा वास घेत नाही.” पण एका प्रसंगाला त्यांची हरकत होती. त्यात तरुणांचे टोळके बेभान होऊन पाणी उधळते, लोकांच्या अंगावर फेकते. अण्णांचे म्हणणे असे: “पाणी उडवत्यात ते एक वेळ खरं धरू. पर खाली सांडलेल्या पाण्याकडं एक बी माणूस बघंना. आमच्यात कुणीतरी घमेलं घालून धरलं असतं.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्या दिग्दर्शकाने उष्मा पाहिला होता, तहान पाहिली नव्हती, हे एवढ्या थोडक्यात सांगणारी टीका मी कोठे वाचलेली नाही. मग ओघाने एप्रिल २०१६ ची आठवण निघाली. तेव्हा मिरजेत कृष्णेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला पाठवले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि तिच्यातून पाच लाख लिटर पाणी गेले. आमच्यातले एकजण ती गाडी भरताना पाहायला मिरज स्थानकावर गेले होते. नळीच्या जोडातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली कोणीतरी बाटली लावून ठेवली होती, असे त्यांनी सांगितले. अण्णा म्हणाले, “तेच म्हणतोय मी.”

शेवटाबद्दल दोन तट पडले. छापखान्यात पहिल्या पानाचे दोन नमुने तयार ठेवलेले दिसतात. एकावर जग वाचल्याचा मथळा, दुसऱ्यावर संपल्याचा. कोणता छापला गेला हे गेस्ट यांनी सांगितलेले नाही. अमेरिकेतल्या आवृत्तीत मात्र शेवटी चर्चच्या घंटा ऐकू येतात, म्हणजे आनंदीआनंद असा प्रेक्षकाने अर्थ घ्यावा. आम्ही पाहिली ती प्रत घंटांची होती. आप्पांना घंटा अजिबात आवडल्या नाहीत. वहिनींना आवडल्या, कारण पूर ओसरल्यावर गणपती मंदिरातली पहिली आरती ऐकल्याचे त्यांना आठवले. मी आप्पांच्या बाजूची आहे. निवडणुकीच्या निकालाच्या रात्री आमच्याकडेही दोन मथळे जुळवून ठेवलेले असत, आणि दोन्हींची प्रुफे सारख्याच काळजीने तपासावी लागत. न छापल्या जाणाऱ्या मथळ्यातही चूक राहून चालत नसे.

सारांश लिहिताना या मथळ्यांच्या मराठीपाशी मी बराच वेळ अडले होते. ‘जग वाचले’ असे लिहिले तर कोणी जग नावाचे पुस्तक वाचून संपवले असाही अर्थ निघतो. म्हणून मी ‘जग तरले’ आणि ‘जग बुडाले’ असे केले. सरांनी विचारले की उन्हाने होरपळणारे जग बुडेल कसे? पण आपल्याकडे धंदा बुडतो, दिवाळे निघून पेढी बुडते, शाळा बुडते; नदीकाठच्या भाषेत सर्वनाशाला दुसरे क्रियापद मला सापडले नाही, आणि सरांनाही सुचले नाही.

जाताना अण्णांनी विचारले की हा चित्रपट मृगाच्या आधी त्यांच्या गावी, शाळेच्या पटांगणात दाखवता येईल का? चादर आणि प्रोजेक्टर आमचा, जेवण त्यांचे. सारांश मी नव्याने लिहायला घेतला आहे आणि पाण्याच्या प्रसंगांना त्यात जास्त जागा दिली आहे. मागे बसणाऱ्यांना पडद्यावरचे इंग्रजी मथळे वाचता येणार नाहीत, म्हणून ते पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत रंगवून आणावेत, अशी त्यांची सूचना होती. काल दुपारी दोन्ही रंगवून झाले. गच्चीत शेजारी शेजारी वाळत ठेवले होते. ऊन इतके होते की दुसरा रंगवून होईपर्यंत पहिला वाळलादेखील.